सौर कॅमेरा घ्या, पण पावसाळ्याचा हिशेब मांडून

शहराबाहेरील रोपवाटिका, खडी क्रशर, बांधकाम साहित्याचे तळ, मालमोटारींचे वाहनतळ अशा उघड्यावरील व्यवसायांना रात्रीच्या चोरीची धास्ती नेहमीचीच. अशा जागी वीज अनेकदा नसते. असली तरी तिचा भरवसा नसतो. त्यामुळे सौरऊर्जेवर चालणारा बिनतारी कॅमेरा हा सोयीचा पर्याय ठरतो. मात्र केवळ चित्राची सुस्पष्टता आणि किंमत पाहून त्याची निवड केल्यास पहिल्याच पावसाळ्यात पश्चात्तापाची वेळ येऊ शकते. या कॅमेऱ्याचा खरा निकष आहे तो विजेच्या जमाखर्चाचा.

हे कॅमेरे प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार एरवी निद्रिस्त असतो. माणसाच्या किंवा वाहनाच्या उष्णतेची हालचाल टिपणारा संवेदक त्याला जागे करतो आणि मगच चित्रण सुरू होते. दुसरा प्रकार अहोरात्र चित्रण करतो. पहिल्याची बॅटरी व पॅनेल लहान असल्याने तो स्वस्त पडतो. परंतु त्याचा संवेदक साधारणपणे ८ ते १० मीटरपर्यंतच प्रभावी असतो. दार, तिजोरीची खोली किंवा डिझेलची टाकी यांसाठी तो पुरेसा आहे. एकरभर पसरलेल्या तळाच्या दूरच्या कुंपणावरून कोणी आत शिरल्यास मात्र तो झोपलेलाच राहील.

अहोरात्र चित्रणाचा हिशेब मांडून पाहू. कॅमेरा व सिमकार्डचे यंत्र मिळून सरासरी ५ वॅट वीज घेत असतील, तर दिवसाला १२० वॅट-तास लागतात. लहान कॅमेऱ्यातील १० हजार मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम ३७ वॅट-तास मावतात. म्हणजे ती सात तासांतच संपेल. सूर्यदर्शनाविना तीन दिवस निभवायचे तर ३६० वॅट-तास हवेत. त्यासाठी १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी योग्य ठरते. दाट ढगांच्या दिवशी पूर्ण उन्हाच्या अडीच तासांइतकीच ऊर्जा मिळाली आणि वाटेत तिची पाचव्या हिश्शाने गळती झाली, तरी ६० वॅटचे पॅनेल रोजची गरज भागवू शकते.

पॅनेल दक्षिणाभिमुख आणि सुमारे २० अंश कललेले असावे. त्यावर झाडाची वा छपराची सावली पडू देऊ नये. खडी क्रशरवर धुळीचा थर बसतो. तेथे पॅनेल वरचेवर पुसणे अटळ आहे. विदर्भातील मे महिन्याचा विचार करता बॅटरीची पेटी सावलीत ठेवावी. ४५ अंशांहून अधिक तापलेली लिथियम बॅटरी चार्ज करणे तिच्या आयुष्याला घातक असते.

'बिनतारी' या शब्दानेही फसगत होते. वायफाय कार्यालयाच्या आसपासच पोचते. दूरच्या जागी सिमकार्डचा कॅमेरा लागतो. सेकंदाला २ मेगाबिट या दराने अखंड चित्रण केल्यास दिवसाला २१ गिगाबाइटहून अधिक डेटा होतो. तो सिमकार्डावरून पाठविणे परवडणारे नाही. चित्रण २५६ गिगाबाइटच्या मेमरी कार्डावर साठवावे आणि मोबाइलवर केवळ इशारे मागवावेत. आठवड्याभराचे चित्रण त्यावर सहज मावते. चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जाते, हे ध्यानात घेऊन तो उंच खांबावर बसवावा.

कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ मध्ये 'मिराई' या घातक प्रणालीने असेच पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे ताब्यात घेतले होते. आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सुरक्षाविषयक निकष एप्रिल २०२५ पासून बंधनकारक आहेत. खरेदीच्या वेळी त्याचे प्रमाणपत्र मागावे. तसेच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार असे चित्रण न्यायालयात सादर करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून घटनेनंतर मूळ कार्ड काढून जपून ठेवणे हिताचे.

विक्रेत्याला सर्वप्रथम एकच प्रश्न विचारावा : सलग तीन दिवस ऊन पडले नाही, तर चौथ्या रात्री हा कॅमेरा जागा असेल काय? याचे उत्तर आकड्यांत मिळाले, तरच पुढचा व्यवहार करावा.