न वापरलेले म्हणजे नवे नव्हे

शेतकऱ्याच्या दारात यंत्र येते ते बहुधा जमिनीच्या तारणावर येते. ट्रॅक्टरचे कर्ज मंजूर होताच सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोजा चढतो, आणि हप्त्यांची खात्री म्हणून घरातील शिक्षक किंवा कारकून असलेला भाऊ जामीनदार म्हणून सही करतो. यंत्राची पारख शेत कसणारा करतो. कागदाची जबाबदारी मात्र नोकरदारावर येते. उमरगा तालुक्यात, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेल्या मुरूमच्या परिसरात ही विभागणी घरोघर आढळते. म्हणूनच विक्रेत्याच्या आवारात वर्ष-दीड वर्ष उभे राहिलेले, परंतु कोणी न वापरलेले यंत्र स्वस्तात घ्यावे की नाही, हा प्रश्न केवळ शेतकऱ्याचा नाही, जामीनदाराचाही आहे.

असा शिल्लक माल साचण्यामागे नेहमीच कोणाची लबाडी असते असे नाही. मराठवाड्याच्या कोरडवाहू शेतीत पाऊस हुकला की खरेदी थांबते. सोयाबीनचा भाव पडला की दसऱ्याला ठरलेला ट्रॅक्टर पाडव्यावर जातो आणि पाडव्याचा पुढच्या दसऱ्यावर. इकडे उत्पादकाकडून माल येतच राहतो. तो विक्रेत्याने बहुधा उधारीवर किंवा कर्जाऊ पैशांतून उचललेला असल्यामुळे उभ्या यंत्रावर व्याज चढत राहते. अशा वेळी जुना साठा सूट देऊन काढून टाकणे हा सरळ व्यवहार आहे. महाराष्ट्राच्या यंत्रोद्योगाचा आरंभच अशा पडून राहिलेल्या मालाने झाला. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविले, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिले नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगितले जाते. ते नांगर पडून होते म्हणून टाकाऊ नव्हते. माल किती काळ पडून आहे यापेक्षा तो कशाचा बनलेला आहे आणि कसा ठेवला आहे, याला अधिक महत्त्व आहे.

वयाचा परिणाम सर्वांवर सारखा नसतो

पलटी नांगर, मोगडा, ट्रॉलीचा सांगाडा ही मुख्यतः पोलादाची कामे. छपराखाली ठेवली असतील आणि गंज आत शिरला नसेल, तर दोन वर्षांनी त्यांची उपयुक्तता फारशी कमी होत नाही. अशा औजारावर मिळणारी सूट हा निखळ लाभ समजावा. पेरणी यंत्राचे तसे नाही. त्याच्या बियाण्याच्या नळ्या उन्हाने ताठरतात, साखळ्या जाम होतात. पण हे भाग स्वस्त असतात आणि बदलता येतात. मळणी यंत्राचे पट्टे तडकतात. रोटाव्हेटरच्या दातेरी चाकांच्या पेटीतील तेल रोखणारी रबरी कडी सुकली, तर पहिल्याच हंगामात तेल गळू लागते.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती ट्रॅक्टरच्या बाबतीत. एकाच जागी भार पेलत उभ्या राहिलेल्या टायरांना तळाशी चपटेपणा येतो आणि बगलेवर बारीक भेगा पडतात. बॅटरी न वापरताही उतरत जाते. उतरलेल्या अवस्थेत ती फार दिवस राहिली, तर आतील शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो आणि मग ती पूर्ण भरत नाही. टाकीतील डिझेलमध्ये पाणी साचते व गाळ धरतो. तोच पुढे इंधनपंपाच्या मुळावर येतो. इंजिन महिनोन्‌महिने फिरलेच नाही, तर आतल्या भिंतींवर गंजाची सुरुवात होऊ शकते. उंदरांनी कुरतडलेल्या विजेच्या तारा तर वरून दिसतही नाहीत. तासमापकावर शून्याजवळचा आकडा असला, तरी तो इंजिन किती चालले एवढेच सांगतो. ते किती दिवस उभे होते याविषयी मौन पाळतो.

हा आकडा दुसऱ्या दिशेनेही पाहावा लागतो. प्रात्यक्षिकासाठी गावोगाव फिरविलेला ट्रॅक्टर नोंदणी झालेली नसल्यामुळे कागदोपत्री नवाच असतो. तासमापकावर शेकडो तास दिसत असतील, तर तो ‘न वापरलेला’ या वर्णनात बसत नाही आणि त्याचा भावही निराळा असला पाहिजे.

जन्मतारीख कागदावर असते

यंत्राचे वय ओळखणे वाटते तितके अवघड नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार विक्रेत्याने द्यावयाच्या विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे नमुना २१ मध्ये, उत्पादनाचा महिना व वर्ष नमूद असतात. तेच पुढे नोंदणी पुस्तकात उतरते, आणि पाच-सहा वर्षांनी ट्रॅक्टर विकावयास काढला की गिऱ्हाईक प्रथम तेच पाहते. २०२६ मध्ये घेतलेला ट्रॅक्टर २०२४ मध्ये बनलेला असेल, तर पुनर्विक्रीच्या बाजारात तो २०२४ चाच ठरतो. पुष्कळ टायरांवर चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३५२४ याचा अर्थ २०२४ सालचा पस्तिसावा आठवडा. हे वाचण्यास यंत्रविद्येची पदवी लागत नाही. मात्र ते पैसे देण्यापूर्वी वाचावे लागते. नमुना २१ विक्रीनंतर हाती पडतो, म्हणून त्यात जाणारा महिना आधीच लेखी मागितला पाहिजे.

पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांच्या बाबतीत वयाला आणखी एक पदर आहे. १ जानेवारी २०२३ पासून या गटाला धुराविषयीचे कडक मानक लागू झाले आणि इंजिनांची रचना बदलली. त्याआधीच्या घडणीचे यंत्र आजही न वापरलेले म्हणून पुढे केले जात असेल, तर ते निव्वळ जुने नव्हे, निराळ्या पिढीचे आहे. ते आज नोंदणीस पात्र आहे काय, हे परिवहन कार्यालयात विचारूनच व्यवहार करावा.

सूट कोणती आणि कर कोणता

किमतीचा हिशेबही बारकाईने मांडला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. कराआधीची किंमत सात लाख रुपये धरली, तर पूर्वी ८४ हजार रुपये कर पडत असे. आता तो ३५ हजार पडतो. ही ४९ हजारांची घट सरकारने दिलेली आहे. ती विक्रेत्याची ‘जुन्या मालावरील खास सूट’ म्हणून पुढे केली जात असेल, तर ग्राहकाला वयाचा मोबदला म्हणून काहीच मिळालेले नसते. “हा माल आमच्याकडे जुन्या दराने आला” हे उत्तरही टिकणारे नाही. कर आकारला जातो तो विक्रीच्या दिवशीच्या दराने, आणि विक्रेत्याने आधी भरलेल्या कराची वजावट त्याला मिळते. पन्नास हजारांची रक्कम लहान नव्हे. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने ती नऊ क्विंटलांहून अधिक सोयाबीनची किंमत होते. आणि बाजारात हमीभावही मिळतोच असे नाही.

अनुदानाची वाट पाहणाऱ्याने तर घाई मुळीच करू नये. महाडीबीटीवरील यांत्रिकीकरण योजनेत आधी पूर्वसंमती आणि मग खरेदी, असा क्रम आहे. “आजच घ्या, सूट उद्या संपेल” या आग्रहाला बळी पडून आधी यंत्र आणले, तर सवलतीपेक्षा मोठे अनुदान हातचे जाते.

कायद्याचा आधार

कायद्याने ग्राहकाला वाऱ्यावर सोडलेले नाही. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. स्वतःच्या श्रमाने उपजीविका करण्यासाठी यंत्र घेणारा शेतकरी या कायद्याने ग्राहक ठरतो आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाऊ शकतो. परंतु १९३० च्या मालविक्री कायद्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसावयास हवे होते अशा दोषाबद्दल मागाहून तक्रार करता येत नाही. ग्राहकाने वरवर पाहून मान डोलावली, तर ती मानही त्याच्याविरुद्ध पुरावा ठरू शकते.

तेव्हा सौदा पक्का करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: उत्पादनाचा महिना व वर्ष, हमीची मुदत ताबा दिल्याच्या दिवसापासून सुरू होईल असे वचन, बॅटरी, तेले व तडकलेले रबरी भाग बदलून देण्याची कबुली, आणि कर वगळून दिलेल्या सुटीचा स्वतंत्र आकडा. जो विक्रेता हे लिहून देतो, त्याचा जुना माल निःशंकपणे घ्यावा. जो देत नाही, त्याचा नवा मालही दोनदा तपासावा.

शासनानेही एक पाऊल टाकणे अगत्याचे आहे. वेष्टनबंद मालाच्या नियमांमुळे दहा रुपयांच्या बिस्किटांच्या पुड्यावर उत्पादनाचा महिना छापावा लागतो. लाखांच्या ट्रॅक्टरच्या आणि हजारोंच्या औजारांच्या दरपत्रकावर तो ठळकपणे छापण्याची सक्ती झाली, तर प्रामाणिक विक्रेत्याचे काहीच बिघडणार नाही. ती होईपर्यंत हे काम घरातील लिहित्या-वाचत्या माणसाने अंगावर घेतले पाहिजे. मुरूमहून उमरग्याला, लातूरला, सोलापूरला किंवा कलबुर्गीला ट्रॅक्टर पाहण्यास निघणाऱ्या शेतकऱ्याबरोबर त्याचा शिक्षक भाऊ किंवा महाविद्यालयात शिकणारा मुलगा गेला पाहिजे, तो पेढे वाटण्यासाठी नव्हे, कागद वाचण्यासाठी. जामीन म्हणून सही करणाऱ्याला एवढा अधिकार आहे, आणि तेवढे त्याचे कर्तव्यही आहे.