पाटी बदला, दार तेच

अमेरिकेत सर्वलिंगी स्वच्छतागृहांचे नियम आधी शहरांनी केले. राजधानी वॉशिंग्टनने 2006 मध्येच एका वेळी एकानेच वापरायच्या स्वच्छतागृहांवरून ‘पुरुष’ आणि ‘स्त्रिया’ या पाट्या हटवण्याचा नियम केला. पुढे सिएटल, फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क या शहरांनीही असेच कायदे केले.

कॅलिफोर्नियाने हाच नियम राज्यभर नेला. 1 मार्च 2017 पासून तिथल्या दुकानांत, उपाहारगृहांत, सरकारी कचेऱ्यांत एकेरी स्वच्छतागृह सर्वांसाठी खुले ठेवणे बंधनकारक आहे. ‘एकेरी’ म्हणजे काय, हेही कायदा सांगतो: जास्तीत जास्त एक शौचकूप व एक मुतारी, आणि आतून कडी लावण्याची सोय. दारावर वर्तुळ आणि त्यावर वेगळ्या रंगाचा त्रिकोण हे चिन्ह लागते. नवे बांधकाम करावे लागत नाही, पाटी तेवढी बदलायची. एवढ्या कमी खर्चात इतक्या लोकांची अडचण दूर करणारे नियम फार थोडे असतील. तृतीयपंथी व्यक्तींना हवी ती सुरक्षितता मिळतेच, शिवाय लहान मुलीला घेऊन आलेला बाप किंवा वृद्ध आईला आधार देणारा मुलगाही दाराशी अडत नाही.

अनेकांनी एकत्र वापरायच्या स्वच्छतागृहांना हा नियम लागू नाही. मात्र 2022 च्या कायद्याने तीही सर्वलिंगी करण्याची मुभा तिथल्या शहरांना मिळाली.

भारतात सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या ‘नालसा’ निकालात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांचे निर्देश दिले. आपल्या नगरपालिकांनी एकेरी स्वच्छतागृहांच्या पाट्या बदलण्यापासून तरी सुरुवात करावी.