दिवा लागलाय, पाणी मात्र गार

पुणे-नाशिककडे जानेवारीत एखाद्या रात्री पारा 10 अंशांखाली उतरतो आणि सकाळी फिशटँकमधले गप्पी पर आखडून तळाशी बसलेले दिसतात. काही दिवसांत शेपटीवर, कल्ल्यांवर मीठ भुरभुरावं तसे पांढरे ठिपके उठतात. हा ‘इक’ नावाच्या परजीवीचा हल्ला. गारठ्याने माशांची प्रतिकारशक्ती खचली की त्याचं फावतं. मग धावपळ करून हीटर आणला जातो आणि शोभा बिघडू नये म्हणून झाडांमागच्या कोपऱ्यात दडवला जातो. पुढच्या निम्म्या तक्रारी या दडवण्यातून निघतात.

नेहमीच्या काचेच्या हीटरमध्ये एक तापणारी तार असते आणि दोन धातूंची जोडपट्टी. गार झाली की ही पट्टी वीज जोडते, तापली की तोडते. तिला कळतं ते फक्त नळीला लागून असलेलं पाणी. ते पाणी जागीच साचून राहिलं तर पट्टी वीज तोडून मोकळी होते आणि पलीकडच्या टोकाला मासे कुडकुडत राहतात. म्हणून हीटर फिल्टरच्या धारेजवळ हवा. पूर्ण बुडणारा असेल तर मागच्या काचेला, तळापासून थोडा वर, आडवा किंवा तिरका बसवावा. उभा ठेवायचा असेल तर नळीवरची किमान पातळीची रेघ पाण्याखालीच राहिली पाहिजे. खडीत तो कधीच पुरू नये. उष्णता तिथे कोंडते आणि काच तडकू शकते.

थर्मामीटर मात्र हीटरपासून लांब, दुसऱ्या टोकाला लावायचा. बिघाड शोधताना खरी साक्ष त्याचीच. आकडा 26 वर ठेवूनही पाणी 24 च दाखवत असेल, तर हीटर लगेच टाकून देऊ नये. डायलमध्ये एक-दोन अंशांची तफावत नेहमीची. आकडा थोडा वाढवून दिवसभर थांबावं. हीटरवरचा दिवा सतत चालू आणि पाणी गार, म्हणजे हीटर टाकीच्या मानाने लहान किंवा तार गेलेली. दिवा सतत चालू आणि पाणी तापतच चाललंय, ही सगळ्यात वाईट खूण. अशा वेळी पट्टीचे संपर्कबिंदू चिकटलेले असतात. नळीच्या आत बाष्प दिसलं तर हीटर सरळ बाद करावा.

संपर्कबिंदू चिकटण्याच्या भीतीमुळेच ‘मोठा घेतला की बरा’ हा सल्ला घातक ठरतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद-उंच टाकीत साधारण 50 लिटर पाणी मावतं. बाहेर निसटणारी उष्णता हिशेबात न धरता 50 वॅटचा हीटर हे पाणी एका अंशाने तापवायला सुमारे 70 मिनिटं घेतो. 300 वॅटचा 12 मिनिटांत तेच करतो. म्हणजे तो अडकला तर 26 अंशांचं पाणी दोन तासांत 36 वर! लिटरमागे एक वॅट हा ढोबळ हिशेब पुरतो, घर फार गार असेल तर दीड. चार फुटी टाकीला एकाच मोठ्या हीटरऐवजी निम्म्या ताकदीचे दोन, दोन टोकांना लावणं कितीतरी शहाणपणाचं: एक बंद पडला तर दुसरा निभावून नेतो, एक अडकला तरी एकट्याने टाकी उकळू शकत नाही.

गोल्डफिशला हे काही लागत नाही. गार पाणी त्याला मानवतं. डिस्कसला मात्र 28 ते 30 अंश हवेत.

पाणी बदलण्याच्या अर्धा तास आधी हीटर बंद करावा, कारण तापलेली नळी उघडी पडून पुन्हा गार पाण्याखाली गेली की फुटते. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबती सोडावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगपर्यंत पोचत नाही. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढावा आणि घरात गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी असावाच.

आणि पाणी खरोखरच तापलं तर? प्लग काढावा, एअरपंप पूर्ण जोरात सोडावा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. बर्फ ओतू नये. क्लोरीन घालवलेलं, किंचित गार पाणी तांब्या-तांब्याने घालत तापमान काही तासांत हळूहळू उतरवावं.