कारागिराची मजुरी : दर कसा समजावा, करार कसा करावा

जुन्या गावगाड्यात सुताराला दर विचारण्याची वेळ शेतकऱ्यावर सहसा येत नसे. सुगीत खळ्यावर धान्याच्या रूपाने त्याचे बलुते मोजले जाई आणि त्या बदल्यात नांगर-कुळवाची दुरुस्ती वर्षभर होत राही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे सविस्तर वर्णन आढळते. जातीने बांधलेली ती व्यवस्था मागे पडली, हे योग्यच झाले. परंतु तिच्याबरोबर सर्वांना ठाऊक असलेला, ठरलेला मोबदलाही गेला. आज गवंडी, सुतार, रंगारी, वायरमन किंवा नळकारागीर यांच्याशी प्रत्येक वेळी नव्याने बोलणी करावी लागते, आणि घर बांधणारा या बोलण्यात बहुधा अननुभवी असतो.

या अननुभवाची किंमत मोठी असते. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये मूळ अर्थसाह्य सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये ठरविण्यात आले, आणि घराचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. हे साह्य बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. मजुरीचा अंदाज चुकला तर छतापर्यंत आलेले घर गिलाव्यावाचून राहते. आणि तिकडे गवंड्याचीही मजुरी थकते. म्हणून दर कसा ठरतो हे दोन्ही पक्षांना समजणे हिताचे आहे.

दर सांगण्याच्या पद्धती

कारागीर आपला दर मुख्यतः तीन प्रकारे सांगतात. पहिला प्रकार रोजंदारीचा. यात दिवसाची मजुरी ठरते. काम किती दिवस चालेल याची जोखीम मालकाकडे राहते. दुसरा मापावरचा. गिलावा, फरशी, रंगकाम यांचा दर चौरस फुटावर किंवा ब्रासवर ठरतो. तिसरा उक्त्याचा, म्हणजे संपूर्ण काम ठरलेल्या एका रकमेत अंगावर देण्याचा. यात दिवस वाढल्यास तोटा कारागिराचा होतो. मात्र घाई करून काम उरकले जाण्याची भीती मालकाला असते.

‘ब्रास’ या शब्दाबाबत विशेष सावधगिरी हवी. वाळू, मुरूम किंवा खडी मोजताना एक ब्रास म्हणजे १०० घनफूट होय. गिलाव्यासारख्या पृष्ठभागाच्या कामात मात्र एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. त्याचप्रमाणे सांगितलेला दर केवळ मजुरीचा आहे की मालासह आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. दोन कारागिरांच्या दरांत मोठी तफावत दिसते तेव्हा तिचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

एक उदाहरण

समजा, १२ फूट लांब, १० फूट रुंद आणि १० फूट उंच अशा खोलीला आतून गिलावा करावयाचा आहे. चारही भिंतींची मिळून लांबी ४४ फूट, म्हणून क्षेत्र ४४० चौरस फूट झाले. दार-खिडक्यांचे ४० चौरस फूट वजा करण्याचे ठरले, तर काम ४०० चौरस फूट, म्हणजे ४ ब्रास राहते. एक गवंडी व एक बिगारी मिळून दिवसाला एक ब्रास काम करतात असे धरल्यास चार दिवस लागतील. उदाहरणापुरती गवंड्याची मजुरी ९०० रुपये व बिगाऱ्याची ६०० रुपये धरली, तर दिवसाचे १,५०० आणि चार दिवसांचे ६,००० रुपये होतात. याचा अर्थ चौरस फुटाला १५ रुपये मजुरी पडली.

आता हेच काम उक्ते घेणाऱ्याने ६,५०० रुपये सांगितले, तर ते अवास्तव म्हणता येणार नाही. हत्यारांची झीज व जोखीम त्याच्या अंगावर आहे. त्याने १०,००० सांगितले, तर कारण विचारावे. उलट ३,५०० सांगितले तरीही विचारावे, कारण कमी पडलेली रक्कम गिलाव्याच्या जाडीतून वसूल होण्याचा संभव असतो. स्थानिक मजुरी घालून हा हिशेब कोणत्याही गावी करता येतो. तुलनेसाठी सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची उपयोगी पडते.

दर कमी-अधिक का होतो

पावसाळ्यापूर्वीच्या घाईत छपराची व बांधकामाची कामे एकदम निघतात आणि दर चढतात. उंचावरच्या कामाला परांची बांधावी लागते, तिचा खर्च वेगळा. लहान दुरुस्ती तुलनेने महाग वाटते. कारण एक नळ बदलण्यासाठी आलेल्या कारागिराचा येण्या-जाण्यातच अर्धा दिवस मोडतो. अशा चार लहान कामांची यादी करून ती एकाच फेरीत करून घेणे किफायतशीर ठरते.

दराला खालची मर्यादाही आहे. किमान वेतनाचा पाया १९४८ च्या अधिनियमाने घातला; २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा वेतन संहिता, २०१९ ने घेतली. घासाघीस करताना मजुरी शासनाने ठरविलेल्या किमान वेतनाखाली जाता कामा नये.

विजेच्या कामात स्वस्ताईचा मोह मुळीच धरू नये. दिवा किंवा बटण बदलणे निराळे. परंतु घरातील नवीन वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घेतले पाहिजे. अर्थिंगवर वाचविलेले पैसे जिवावर बेतू शकतात.

उचल, हप्ते आणि चिठ्ठी

सर्व रक्कम आगाऊ देणे जसे अयोग्य, तसेच काम संपेपर्यंत काहीच न देणेही अन्यायाचे. सुरुवातीस थोडी उचल, नंतर झालेल्या कामाच्या प्रमाणात हप्ते आणि अखेरची काही रक्कम तपासणीनंतर, हा क्रम दोघांनाही सोयीचा असतो. साध्या कागदावर कामाचे वर्णन, माप घेण्याची रीत, दर, माल कोणाचा, मुदत आणि हप्ते लिहून दोघांनी सह्या कराव्यात. दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीखवार नोंद त्याच कागदावर ठेवावी. ठेकेदाराने मोबदला घेऊन सदोष सेवा दिल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असल्यास त्यासाठी शुल्क नाही. अशा वेळी हा कागदच पुरावा ठरतो.

कारागिराच्या बाजूने

मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या कामगाराला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करता येते. त्यासाठी काम केल्याचे प्रमाणपत्र लागते. मालकाने तारखांची नोंद ठेवली तर ते मिळविणे सुकर होते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार व गवंडी यांचा समावेश आहे. तीत प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साह्य यांची तरतूद करण्यात आली.

ग्रामपंचायतीने गावातील प्रचलित मजुरीचे दर दर सहा महिन्यांनी फलकावर लावले, तर घरकुलाच्या लाभार्थ्यांना मोठाच आधार मिळेल. शिक्षकांना वरील खोलीचे उदाहरण क्षेत्रफळाच्या पाठात घेता येईल. मुले घरी जाऊन आपल्याच भिंती मोजतील. ज्या घरात मापाचा व मजुरीचा हिशेब समजतो, त्या घरातून कारागीर आपला पुरा दाम घेऊन समाधानाने जातो, आणि पुढच्या वेळी बोलावताच येतो.