प्रिसिलाच्या भुयारातील स्त्रिया

रोममधील व्हिया सालारिया या प्राचीन रस्त्याच्या बाजूला जमिनीखाली ‘प्रिसिलाचे कॅटाकोम’ ही भुयारी दफनभूमी आहे. एका उमराव घराण्यातील स्त्रीच्या नावाने ती ओळखली जाते. सुरुवातीच्या शतकांतील ख्रिस्ती लोक आपले मृत येथे पुरत आणि काही कबरींच्या भिंती चित्रांनी सजवत. या चित्रांत स्त्रिया जागोजागी दिसतात. त्या कोण आहेत आणि काय करत आहेत, हा स्त्रीवादी अभ्यासातील एक मोठा वाद आहे.

एका दालनात दोन्ही हात पसरून प्रार्थना करणारी, डोक्यावरून पदर घेतलेली स्त्री रंगवलेली आहे. तिला ‘वेलाता’ म्हणतात. चित्र तिसऱ्या शतकातले. तिच्या एका बाजूला बाळाला कुशीत घेतलेली आई आहे. दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला पुरुष आणि हातात गुंडाळी धरलेली तरुण स्त्री. विवाह, मातृत्व आणि मृत्यूनंतरची प्रार्थना असा या तीन प्रसंगांचा अर्थ अनेक वर्षे लावला गेला. त्यात गुंडाळीला विवाहाच्या करारापलीकडे महत्त्व उरले नाही. ती धर्मग्रंथाची असू शकते, स्त्री शिकत किंवा शिकवत असू शकते, ही शक्यता स्त्रीवादी अभ्यासकांनी पुढे आणली. काहींना तर हा स्त्रीला धर्मगुरुपद देणारा दीक्षाविधी वाटतो. 2013 मध्ये जीर्णोद्धारानंतर ही चित्रे पुन्हा खुली झाली, तेव्हा स्त्री-धर्मगुरूंचा हा अर्थ व्हॅटिकनकडून फेटाळला गेला.

जवळच्या ‘ग्रीक चॅपल’मध्ये एका मेजाभोवती सात जण बसले आहेत, टोकाची व्यक्ती भाकर मोडते आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस योसेफ विल्पर्ट या धर्मगुरू-संशोधकाने हे चित्र उजेडात आणले. त्याला सातांत एकच स्त्री दिसली, आणि भाकर मोडणारा पुरुषच. केशरचना आणि पोशाखावरून आणखी काही जणी, कदाचित सगळ्याच, स्त्रिया आहेत असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवायचा प्रयत्न केला. चित्र इतके पुसट आहे की एकट्या त्याच्या आधारे निवाडा होणार नाही. शिवाय तो ख्रिस्ती उपासनेतील भाकर मोडण्याचा विधी नसून मृतांच्या स्मरणार्थ घेतलेले भोजनही असू शकते. पण विधी चालवणारी व्यक्ती पुरुषच असणार हे आधीच धरून पाहिले, तर चित्रातला पुरावा तपासायचा राहूनच जातो. स्त्रीवादी टीकेचे खरे बळ या आक्षेपात आहे.

याच चॅपलमधील सुसान्नेचे चित्रण विशेष बोलके आहे. दोन वडीलधारे तिच्यावर व्यभिचाराचा खोटा आळ घेतात आणि तरुण दानिएल तिला सोडवतो, अशी ही कथा. सोळाव्या शतकात तिंतोरेत्तोसारख्या चित्रकारांनी तिची स्नान करणारी नग्न देहाकृती रंगवली. येथे मात्र ती पूर्ण वस्त्रांत उभी आहे, आरोप सोसते आणि प्रार्थना करते. पाहणाऱ्याला तिच्या देहाचे नव्हे, तिच्यावरील अन्यायाचे आणि सुटकेचे दर्शन घडते.

स्त्री आणि ग्रंथ यांच्या नात्याचा प्रश्न रोमबाहेरही उभा राहतो. नेपल्सच्या सॅन जेन्नारो कॅटाकोममधील सेरुला या स्त्रीच्या चित्रात उघडी शुभवर्तमाने रंगवली आहेत. स्त्रीच्या कबरीवर ग्रंथांना इतके ठळक स्थान मिळणे दुर्मीळ. पोप गेलासियसने 494 मध्ये दक्षिण इटलीतील बिशपांना लिहिलेल्या पत्रात स्त्रिया वेदीजवळ सेवा करतात अशी तक्रार केली होती. सेरुला त्यांपैकी एक होती हे पत्रावरून सिद्ध होत नाही, पण अशी प्रथा त्या भागात अस्तित्वात होती हे पत्रच सांगते. तक्रार करावी लागते ती चालू असलेल्या गोष्टीचीच.

स्त्रीवादी वाचनालाही एक मर्यादा आहे. रंगवलेले दालन हा खर्चिक प्रकार होता. त्यामुळे भिंतीवर दिसतात त्या बहुधा सधन घरच्या स्त्रिया. गुलाम आणि कष्टकरी बायकांच्या वाट्याला फरशी किंवा विटांनी बंद केलेला खोबणीसारखा कोनाडा येई. त्यांच्याविषयी जाणून घ्यायला चित्रे फारशी उपयोगी पडत नाहीत. कबरींवर कोरलेली नावे आणि हाडे यांचाच आधार घ्यावा लागतो.