उभ्या मोटारीस धक्का लागल्यास

बाजाराच्या आवारांत उभी केलेली मोटार परत येतां ठोकरलेली आढळल्यास ती एकदम हलवूं नये. प्रथम छायाचित्रें घेऊन धक्का देणाऱ्या वाहनाचा क्रमांक व साक्षीदारांचीं नांवें टिपून घ्यावीं. क्रमांकावर आम्ही भर देतों याचें कारण असें कीं, १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें सक्तीचा केलेला विमा दुसऱ्यांच्या नुकसानीपुरताच असतो. आपल्या गाडीची भरपाई त्यांतून मिळत नाहीं. क्रमांक हातीं असल्यास धक्का देणाऱ्याच्या विम्यांतून ती मागण्यासाठीं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करतां येतो. पोलिसांत वर्दी देऊन नक्कल घ्यावी. आपल्या गाडीच्या नुकसानीचाही विमा उतरविला असल्यास कंपनीस तात्काळ कळवावें. तिच्या पाहणीपूर्वीं दुरुस्ती करूं नये. मात्र दावा न केल्याबद्दल या विम्याच्या हप्त्यांत मिळणारी २० ते ५० टक्के सूट दाव्यानें जाते; सबब किरकोळ खर्च स्वतः सोसणेंच हितावह.