बँकेलाही वकील लागतो

कायद्याची पदवी घेतलेली आपली मुले आम्हाला विचारतात, "घरात कोणी वकील नाही, ज्येष्ठ वकिलाकडे बिनपगारी राहणे परवडत नाही. मग पुढे काय?" आम्ही बँकेत कारकून. रोज पाहतो ते सांगतो.

बँकेचा स्वतःचा कायदा विभाग असतो. तेथील विधी अधिकारी गहाणखते तपासतो, सरफेसी कायदा, २००२ खालील ६० दिवसांची नोटीस पाहतो. धनादेश न वटल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली नाही, तर फौजदारी तक्रार अडचणीत येते. म्हणून हे काम जबाबदारीचे.

आयबीपीएसच्या परीक्षेत स्केल-१ विधी अधिकारी पदासाठी कायद्याची पदवी व बार कौन्सिलची नोंदणी लागते. वकिलीचा अनुभव लागत नाही. वय २० ते ३०. अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षे सवलत. रुजू झाल्यावर मात्र सनद स्थगित ठेवावी लागते.

आमच्या वसाहतीतील एका मुलाने सनद घेणे दोन वर्षे लांबवले. जाहिरात आली तेव्हा पदवी होती, वय होते, सनद नव्हती. अर्ज राहून गेला. विद्यार्थी मित्रहो, निकाल लागताच नोंदणी करा. फीची अडचण असेल तर संकोच न करता आम्हास भेटा.